तीन वर्षं समुद्रकिनारी: ईसीएसी हॉकीच्या मैदानबदलाचं प्रकरण

मार्च 2013 मध्ये न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत, ईसीएसी या कॉलेज हॉकी लीगच्या स्पर्धेत, येल विद्यापीठाचा संघ दोन दिवसांत दोन सामने हरला. शुक्रवारी उपांत्य फेरीत युनियन कॉलेजकडून 5-0, शनिवारी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात क्विनिपियाककडून 3-0. दोन्ही सामने मिळून स्वतःचा एक गोल नाही. बरोबर तीन आठवड्यांनी, 13 एप्रिलला, पिट्सबर्गमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला तो याच येल आणि याच क्विनिपियाकमध्ये, आणि येलने तो 4-0 असा जिंकला. पुढच्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपद युनियनने नेलं. म्हणजे त्या दोन दिवसांत अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमध्ये उतरलेल्या चार संघांपैकी तीन संघ अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीच्या अगदी माथ्यावरचे होते. हॉल मात्र अर्धाही भरला नव्हता.

खेळ चांगला असला की माणसं आपोआप येतात, ही आयोजकांची आवडती समजूत आहे. ईसीएसी नावाच्या या लीगने आपल्या स्पर्धेचा शेवटचा टप्पा गेल्या साठेक वर्षांत इतक्या ठिकाणी हलवून पाहिला आहे की या समजुतीची परीक्षाच झाली. बॉस्टन, लेक प्लॅसिड, ऑल्बनी, अटलांटिक सिटी आणि पुन्हा लेक प्लॅसिड. यातली समुद्रकिनाऱ्यावरची तीन वर्षं सगळ्यात जास्त शिकवणारी, म्हणून प्रकरण त्यांच्याभोवती मांडलं आहे.

रविवारची रात्र ते शुक्रवारची दुपार

आधी स्पर्धा कशी चालते ते पाहू. हॉकी म्हणजे इथे अर्थातच बर्फावरची. लीगमध्ये बारा कॉलेजं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राऊन, डार्टमथ आणि कॉर्नेल ही सहा आयव्ही लीगची नामांकित मंडळी. उरलेल्यांत क्लार्कसन, सेंट लॉरेन्स, कोलगेट, युनियन, 2005 मध्ये आलेलं क्विनिपियाक आणि आरपीआय, म्हणजे ट्रॉय शहरातली रेन्सेलर पॉलिटेक्निक (आपल्याकडच्या वाचकाने भलतं काही समजू नये). बारापैकी सहा एकट्या न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून सगळी लांब: कॅनडाच्या सीमेपासून इथाकाच्या टेकड्यांपर्यंत पसरलेली. बाकीची कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर आणि न्यू जर्सीत विखुरलेली.

हंगामाच्या शेवटी सुरुवातीच्या फेऱ्या वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरच्या रिंकवर होतात. उपांत्यपूर्व फेरी तीनपैकी दोन सामन्यांची: शुक्रवार, शनिवार, बरोबरी झाली तर रविवार. तिथून उरलेले चार संघ पुढच्या शुक्रवारी एका ठरलेल्या शहरात जमतात, शुक्रवारी दोन उपांत्य सामने आणि शनिवारी अंतिम. तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचाही सामना असायचा. हे शहर मात्र काही वर्षं आधीच करार करून ठरलेलं असतं.

सगळी मेख या वेळापत्रकात आहे. शहर वर्षांपूर्वी ठरतं आणि संघ पाच दिवस आधी. रविवारी रात्री साडेदहाला तिसरा सामना संपतो, तेव्हा जिंकलेल्या कॉलेजच्या पोराला कळतं की आपण शुक्रवारी दुपारी चार वाजता कुठे तरी असायला हवं. सोमवारपासून त्याने गाडी शोधायची, चार जण जमवायचे, खोली मिळवायची, शुक्रवारचे तास बुडवायचे. त्यात मार्चचा मधला पंधरवडा म्हणजे येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन यांची वसंताची सुट्टी. ज्यांच्या जिवावर कॉलेजच्या रिंकमध्ये छप्पर उडेल इतका आवाज होतो, ती पोरं घरी, नाहीतर फ्लोरिडात. आवाज करणारा बँड कॉलेज स्वतःच्या बसने नेतं, म्हणून टीव्हीवर दिसणाऱ्या एका कोपऱ्यात तरी जाग असते.

अशा स्पर्धेला मग येतं कोण? तीन तऱ्हेची माणसं. एक संघाचा माणूस: तो रविवारी रात्री ठरवतो. दुसरा सवयीचा माणूस: मागच्या मार्चमध्येच त्याने या मार्चची खोली सांगून ठेवलेली असते, संघ कुठलेही येवोत. तिसरा गावातला माणूस: शुक्रवारी संध्याकाळी काय करावं म्हणत चालत येतो. पहिल्याची संख्या आयोजकाच्या हातात जवळजवळ नसते, ती निकालांवर आहे. दुसरा आणि तिसरा कुठे जास्त मिळेल, एवढंच जागा निवडताना ठरवता येतं. ईसीएसीने हा हिशेब तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने केला.

बॉस्टन सुटलं, डोंगर मिळाला

1967 पासून 1992 पर्यंत हा शेवटचा टप्पा बॉस्टन गार्डनमध्ये व्हायचा. सुरुवातीला ते योग्यच होतं, कारण बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज, नॉर्थईस्टर्न हे सगळे याच लीगमध्ये होते. 1984 मध्ये ते फुटून निघाले आणि हॉकी ईस्ट ही वेगळी लीग झाली. बॉस्टन परिसरातून उरलं एक हार्वर्ड. तरी स्पर्धा पुढची आठ वर्षं बॉस्टनलाच होत राहिली, जसं घर विकल्यावरही पोस्टमन जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकत राहतो.

1993 मध्ये ती लेक प्लॅसिडला गेली. ॲडिरोंडॅक पर्वतातलं हे दोन-अडीच हजार वस्तीचं खेडं, पण 1932 आणि 1980 अशी दोन हिवाळी ऑलिंपिक इथे झालेली. 22 फेब्रुवारी 1980 रोजी अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं ते इथल्याच हॉलमध्ये. त्या पोरांचे प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांचं नाव हॉलला 2005 मध्ये मिळालं. कॉलेज हॉकीचं नातं त्याहून जुनं: 1970 मध्ये कॉर्नेलने एकही सामना न गमावता, 29-0 असा हंगाम पुरा केला तो राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्लार्कसनला 6-4 हरवून, आणि तो सामना याच गावात झाला होता. 1988 मध्ये सेंट लॉरेन्सने राष्ट्रीय विजेतेपद जादा वेळेत गमावलं, तेही इथेच.

क्लार्कसनचं पॉट्सडॅम आणि सेंट लॉरेन्सचं कँटन ही गावं एकमेकांपासून सतराएक किलोमीटरवर, आणि लेक प्लॅसिडपासून साधारण सव्वाशे. बर्फ पडत असला तरी जेवून निघालं की दोन तासांत पोचता येतं. त्या भागात हिवाळ्यात हॉकीशिवाय दुसरं फारसं काही नसतं. तिथल्या कुटुंबांना मार्चमधली ही सहल अंगवळणी पडली होती, आणि सवयीचा माणूस तयार झाला तो या दहा वर्षांत.

ऑल्बनीचा कागद

2003 मध्ये स्पर्धा ऑल्बनीला, न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत नेली. कागदावर हा निर्णय बिनतोड होता. महामार्गांवरचं शहर, विमानतळ, भरपूर हॉटेलं, लीगच्या भौगोलिक मध्याजवळ. आरपीआय हाकेच्या अंतरावर, युनियनचं स्केनेक्टडी पंचवीसेक किलोमीटरवर. हॉलमध्ये हॉकीसाठी जवळपास चौदा हजार खुर्च्या.

पण कागदावर खुर्च्या मोजताना कोणता संघ येईल हे कागद सांगत नाही. ऑल्बनीत आठ अंतिम सामने झाले. हार्वर्ड त्यांतल्या पाचांत, कॉर्नेल पाचांत. आरपीआय एकदाही नाही. कॉर्नेलचे लोक कुठेही जातात, तो त्यांचा धर्मच आहे. हार्वर्डच्या रिंकवर कॉर्नेलचा सामना असला की पाहुणेच जास्त दिसतात, इतके की कॉर्नेलवाले त्या रिंकला आपल्या लायना रिंकवरून ‘लायना ईस्ट’ म्हणतात. आणि घरच्या लायनावर हार्वर्ड आलं की बर्फावर मासे येऊन पडतात. 1973 मध्ये हार्वर्डकडून कोणीतरी कॉर्नेलच्या गोलरक्षकाकडे मेलेली कोंबडी फेकली होती, त्याची परतफेड अजून चालू आहे. असे लोक एका बाजूला असले तरी चौदा हजारांचा हॉल एकटं कॉर्नेल भरू शकत नाही, आणि हार्वर्डच्या प्रेक्षकाला प्रवासाची फारशी हौस नाही.

हॉलचा आकार हा मुद्दा आयोजक नेहमी उलटा लावतात: मोठा हॉल म्हणजे जास्त तिकिटं. समजा चार हजार माणसं आली. चौदा हजारांच्या हॉलमध्ये ती तीस टक्केही होत नाहीत. वरचे मजले काळ्या पडद्यांनी झाकावे लागतात, घोषणा छतात विरून जातात. तीच चार हजार साडेसात-पावणेआठ हजारांच्या हॉलमध्ये बसवली की निम्म्याहून जास्त हॉल भरलेला दिसतो आणि कानाला तर पूर्ण भरल्यासारखाच वाटतो. माणसं तेवढीच, पण पुढच्या वर्षी पुन्हा यावंसं वाटतं ते दुसऱ्या हॉलमधल्यांना. विरळ हॉलमध्ये बसलेला प्रेक्षक घरी जाऊन ‘यंदा काही मजा नव्हती’ असं चार जणांना सांगतो. सवयीचा माणूस असा हळूहळू गळतो, आणि त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात होत नाही.

2010 मध्ये, ऑल्बनीच्या शेवटच्या वर्षी, अखेर ज्याची वाट पाहिली ते घडलं. स्केनेक्टडीचं युनियन पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आलं. कॉर्नेलकडून 3-0 हरलं, पण संघ चढणीला लागलेला सगळ्यांना दिसत होता. नेमकं त्याच वेळी सामान बांधून झालं होतं.

अटलांटिक सिटी

2011 ते 2013, तीन वर्षं. बोर्डवॉक हॉल ही 1929 ची भव्य इमारत, वर पिंपासारखं कमानदार छत, आत तेहतीस हजारांवर नळ्या असलेला जगातला सगळ्यात मोठा पाइप ऑर्गन. 1964 चं डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन इथे झालं, मिस अमेरिका स्पर्धा वर्षानुवर्षं इथे भरली. हॉकीसाठी खुर्च्या साडेदहा हजारांच्या आसपास.

शहराला यात काय हवं होतं हे सरळ आहे. कॅसिनोंचं उत्पन्न 2006 मध्ये 5.2 अब्ज डॉलरला टेकून घसरायला लागलं होतं, कारण शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने स्वतःचे कॅसिनो उघडले. मार्चमध्ये समुद्रावरचा वारा बोचरा, किनाऱ्यावर कोणी नाही, हॉटेलच्या खोल्या रिकाम्या. अशा मोसमात चार संघ, त्यांचे पालक आणि माजी विद्यार्थी येऊन दोन-तीन रात्री राहणार असतील तर कोणतंही शहर पायघड्या घालेल. लीगलाही मोहाचा भाग होता: हॉटेलं स्वस्त, बोर्डवॉकवरून चालत हॉलमध्ये, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातले हजारो माजी विद्यार्थी टप्प्यात.

यात एक गोष्ट निसटली, आणि माझ्या मते ती एकटीच पुरेशी होती. न्यू जर्सीत कॅसिनोत जुगार खेळायला वय 21 लागतं. कॉलेजातली बहुतेक पोरं 18 ते 21 ची. ज्या शहराचं मुख्य आकर्षण त्यांना दारातूनच परत पाठवतं, तिथे मार्चच्या थंडीत त्यांनी जावं कशासाठी? निवड माजी विद्यार्थ्यांना नजरेसमोर ठेवून झाली होती. रिंकमध्ये ओरडणारं गिऱ्हाईक वेगळंच होतं.

अंतराचं काय? अटलांटिक सिटी लांब होती म्हणून फसली, असं सरसकट सांगितलं जातं. उत्तरेकडच्या दोन कॉलेजांपुरतं ते खरंच आहे. पॉट्सडॅमहून तिथे जाणं म्हणजे सातशे किलोमीटरच्या वर. पण नकाशा उघडला की गोष्ट इतकी सोपी राहत नाही. येल आणि क्विनिपियाक जिथे आहेत त्या न्यू हेवन परिसरातून अटलांटिक सिटी लेक प्लॅसिडपेक्षा जवळ पडते. कॉर्नेलच्या इथाकाहून दोन्हीकडे जायला साडेचार-पाच तास लागतात, फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक. 2011 चा अंतिम सामना येल आणि कॉर्नेलमध्ये झाला, येलने 6-0 जिंकला. किलोमीटरच मोजायचे तर त्या वर्षी तरी हॉल भरायला हवा होता.

खरी उणीव तिसऱ्या माणसाची होती, गावातल्या. अटलांटिक सिटीत व्यावसायिक हॉकी आधी येऊन गेली होती. बोर्डवॉक बुलीज नावाचा संघ 2001 मध्ये याच हॉलमध्ये उतरला, 2003 मध्ये आपल्या लीगचा करंडकही जिंकला, आणि 2005 मध्ये गाशा गुंडाळून कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला गेला. चषक जिंकणाऱ्या घरच्या संघाला जिथे चार हंगामांच्या पुढे टिकता आलं नाही, तिथे पॉट्सडॅम किंवा कोलगेटच्या हॅमिल्टनहून आलेल्या कॉलेजच्या पोरांसाठी गावातला माणूस शुक्रवारी दुपारी चारला खुर्चीत येऊन बसेल, ही अपेक्षा कुठून आली? हे उत्तर करार करताना सहज मिळण्यासारखं होतं.

लीगमधलं न्यू जर्सीचं एकमेव कॉलेज प्रिन्स्टन, दीडेक तासाच्या अंतरावर. तीन वर्षांत ते एकदाही शेवटच्या चारात आलं नाही. आणि युनियन? ऑल्बनीच्या दारातलं ते कॉलेज 2012 मध्ये हार्वर्डला 3-1 आणि 2013 मध्ये ब्राऊनला 3-1 हरवून लागोपाठ दोनदा विजेतं झालं. घरापासून साडेचारशे किलोमीटरवर. ऑल्बनीचा जो हॉल त्यांच्या नावाने भरू शकला असता, तो त्यांच्या सुवर्णकाळात पंचवीस किलोमीटरवर स्पर्धेविना पडून होता. यात लीगचा दोष काढणं अवघड आहे, चार वर्षं आधी युनियनवर पैज कोणी लावली असती? पण ‘आता स्थानिक संघ चांगला आहे, चला तिथे जाऊ’ या तर्काची हमी किती तकलादू असते, ते इथे दिसतं.

परत डोंगरात

तीन वर्षं भरली तशी स्पर्धा 2014 मध्ये लेक प्लॅसिडला परतली. त्या वर्षी युनियनने कोलगेटला 5-2 हरवून तिसरं विजेतेपद घेतलं आणि तिथून थेट राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत गेलं.

ऑल्बनी आणि अटलांटिक सिटीच्या ज्या मोजपट्ट्या होत्या, त्यांवर लेक प्लॅसिड आजही नापास होईल. विमानतळ नावाला, रस्ते डोंगरातले, मार्चमध्ये हिमवादळाची शक्यता खरी. खुर्च्या साडेसात-पावणेआठ हजार. पण हॉल गावाच्या मुख्य रस्त्यालाच लागून आहे. बाहेर पडलं की समोर शाळा, शाळेपुढे तो बर्फाचा मार्ग जिथे 1980 मध्ये एरिक हायडेनने वेगवान स्केटिंगची पाच सुवर्णपदकं मिळवली. पलीकडे गोठलेलं मिरर लेक. दोन उपांत्य सामन्यांच्या मधल्या वेळात चारही कॉलेजांचे लोक त्याच एका रस्त्यावर, त्याच पाच-सात खानावळींत दाटीवाटीने बसतात. मोठ्या शहरात तीच माणसं पन्नास ठिकाणी पांगतात आणि स्पर्धा चालू आहे याचा पत्ता टॅक्सीवाल्यालाही नसतो. गाव लहान आहे, ही गोष्ट निविदेत उणी म्हणून लिहिली जाते. प्रेक्षकाच्या बाजूने ती अधिक आहे.

शिवाय इथे यायला सामन्याखेरीज कारण आहे. संघ रविवारी हरला तरी खोली रद्द करायची गरज नसते. पोरांना घेऊन बर्फावर जाता येतं, 1980 चा हॉल दाखवता येतो, सामना पाहता येतो. हिवाळाभर शाळकरी मुलांच्या हॉकी स्पर्धा या गावात भरतात, त्यांचे आईबाप तिकीट काढतात. सवयीच्या माणसाला यायला निमित्त लागतं आणि ते निमित्त संघाच्या निकालावर अवलंबून नसावं लागतं. जानेवारी 2023 च्या जागतिक विद्यापीठ हिवाळी स्पर्धांसाठी राज्याने इथल्या इमारतींवर पैसा ओतला, त्याचा फायदा लीगला फुकट मिळाला.

घरच्या रिंकवर का नाही?

याच काळात इतर लीगनी दुसरी वाट धरली. बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या लीगने 2014 ते 2017 आपली स्पर्धा सेंट पॉल आणि डेट्रॉइटच्या व्यावसायिक हॉलमध्ये आलटून-पालटून घेतली, अठरा-वीस हजार खुर्च्यांच्या. 2014 मध्ये सेंट पॉलला मिनेसोटाचा संघ उपांत्य फेरीतच ओहायो स्टेटकडून हरला. यजमान गावाची हवाच गेली, आणि अंतिम सामना विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट असा झाला, जादा वेळेपर्यंत रंगलेला, 5-4. 2017 मध्ये डेट्रॉइटला अंतिम सामन्यात मिशिगन राज्यातला एकही संघ नव्हता. पेन स्टेटने विस्कॉन्सिनला दुसऱ्या जादा वेळेत हरवलं. दोन्ही सामने थरारक, दोन्ही हॉल विरळ. 2018 पासून बिग टेनने सगळं वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी नेलं. एनसीएचसी या पश्चिमेकडच्या लीगनेही सेंट पॉलचा हॉल सोडून 2026 पासून तोच रस्ता धरला.

मग ईसीएसीनेही तेच करावं का? मला वाटतं, नाही. बिग टेनच्या घरच्या रिंका मोठ्या आहेत, मिनेसोटाची दहा हजारांची. ईसीएसीत लायना 4,267, येलची इंगल्स 3,500, युनियनची जुनी मेसा जेमतेम 2,200. घरच्या संघाच्या वार्षिक तिकिटांतच त्या संपतात. पाहुण्यांना एक कोपरा. बिग टेन रिकाम्या हॉलमधून भरलेल्या रिंकमध्ये गेली. ईसीएसी लेक प्लॅसिडमधल्या चार संघांच्या गर्दीतून एका संघाच्या गर्दीत जाईल, आणि हे दोन व्यवहार सारखे नाहीत. खेळाडूच्या बाजूने मात्र उलट युक्तिवाद जोरदार आहे: पाच महिने खेळून पहिला क्रमांक मिळवला, त्याचं फळ म्हणून निदान घरचा बर्फ मिळायला नको का?

तटस्थ मैदानाचा हा वाद आपल्याकडच्या क्रिकेटवाल्यांना नवा नाही. 2016-17 च्या हंगामात बीसीसीआयने रणजीचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर नेले. खेळपट्ट्या यजमानाच्या सोयीने बनतात ही तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. त्याच हंगामात स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी महाराष्ट्रासाठी दिल्लीविरुद्ध 594 धावांची अभेद्य भागीदारी केली, गुगळे नाबाद 351, बावणे नाबाद 258. ती झाली मुंबईत, वानखेडेवर. पुण्याच्या माणसाला गहुंज्याला जाऊन ती पाहता आली असती. तिथे मात्र त्या वर्षी परक्यांचे सामने होत होते. पुढच्याच हंगामात साखळी सामने पुन्हा घरी आले. खेळपट्टीची अडचण सोडवताना प्रेक्षकाचा विचार कुठेच नव्हता, तसं इथे हॉटेलच्या खोल्यांचा हिशेब मांडताना पोरांचा नव्हता.

लेक प्लॅसिडने सगळं सुटलं असंही नाही. 2024 मध्ये अंतिम सामना कॉर्नेल विरुद्ध सेंट लॉरेन्स, 2025 मध्ये कॉर्नेल विरुद्ध क्लार्कसन, दोन्ही कॉर्नेलने 3-1 असेच जिंकले. एक संघ जो कुठेही माणसं आणतो, आणि दुसरा दोन तासांवरचा. याहून चांगली जोडी आयोजकाला मागूनही मिळणार नाही. पण 2016 आणि 2022 मध्ये अंतिम सामना हार्वर्ड आणि क्विनिपियाकमध्ये झाला होता. तशी जोडी पुन्हा आली की उत्तरेकडच्या कुटुंबांना ओढणारं आपलं असं कोणी नसतं, आणि मग सगळा भार सवयीच्या माणसावर पडतो. शुक्रवारी दुपारी चारचा पहिला उपांत्य सामना तर कोणत्याही वर्षी अवघडच. कामावरून सुटून सव्वाशे किलोमीटर येणारा माणूस दुसऱ्या सामन्याच्या मध्यंतरापर्यंत पोचतो. तो सामना शनिवारी दुपारी ठेवून अंतिम सामना रविवारी घ्यायचा, तर सोमवारी तास, आणि राष्ट्रीय स्पर्धेची यादीही रविवारीच जाहीर होते. त्या यादीच्या आत निकाल हवा, म्हणून शुक्रवारची दुपार तशीच राहते.